योगाचा उत्सव आणि योगाचा अभ्यास



योगावर व्याख्यान आहे असे कळले की श्रोत्यांच्या मनात दोन अपेक्षा उभ्या राहतात. वक्ता योगाचा महिमा गाईल, ही एक. आणि कंबरदुखीवर वा मधुमेहावर हमखास गुण देणारे एखादे आसन सांगेल, ही दुसरी. या दोन्ही अपेक्षा आज पुऱ्या होणार नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. आम्हांस बोलावयाचे आहे ते एका साध्या प्रश्नावर. साऱ्या जगाने योगाचा एक दिवस पाळावयास घेतला आहे. त्या दिवसाने आपल्यावर कोणती जबाबदारी टाकली?

प्रथम हकीकत पाहू. २७ सप्टेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जागतिक योगदिनाची कल्पना मांडली. ११ डिसेंबर २०१४ रोजी तसा ठराव मतदानावाचून संमत झाला. सुमारे पावणेदोनशे राष्ट्रे त्याच्या पाठीशी उभी राहिली. २१ जून २०१५ रोजी, पहिल्याच योगदिनी, दिल्लीच्या तेव्हाच्या राजपथावर ३५,९८५ माणसे एका वेळी आसने करीत होती, आणि त्यांत ८४ राष्ट्रांचे नागरिक होते. पुढच्याच वर्षी युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत योगाची नोंद केली.

२१ जून हा आपल्या उत्तर गोलार्धात वर्षातील सर्वांत मोठा दिवस. दक्षिण गोलार्धात तोच सर्वांत लहान. त्या दिवशी युरोपात लोक उन्हात हिरवळीवर आसने घालतात, आर्जेंटिनात ऐन हिवाळा असतो, आणि आपल्याकडे आर्द्रा नक्षत्र लागण्याची वेळ झालेली असल्यामुळे मैदानात चिखल, म्हणून मंडळी शाळेच्या सभागृहात सतरंज्या अंथरतात. इतक्या निरनिराळ्या ऋतूंतील माणसे एका दिवशी एकच क्रिया करतात, या गोष्टीचे आम्हांस कौतुक वाटते.

परंतु हा योग जगाच्या अंगणात गेला कसा? तो आपोआप गेला नाही. शंभर वर्षांपूर्वी योग म्हणजे बैराग्याची विद्या, गृहस्थाने तिच्या वाटेस जाऊ नये, अशी समजूत होती. ती समजूत मोडण्याचे मोठे काम आपल्या या भूमीवर झाले. १९१८ साली श्रीयोगेंद्र यांनी मुंबईला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर योगसंस्था काढली आणि संसारी माणसाला ही विद्या शिकवावयास आरंभ केला. त्यांचे गुरू मालसरचे परमहंस माधवदासजी. याच माधवदासजींचे दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले.

कुवलयानंदांच्या कामाकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. जुने ग्रंथ सांगतात म्हणून माना, असे त्यांनी म्हटले नाही. लोणावळ्यास येण्यापूर्वीच बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली होती. नौली करताना आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने मोजून दाखविले. बस्तिक्रियेत पिचकारीवाचून पाणी वर ओढले जाते, ते कोणत्याही गूढ शक्तीने नव्हे, तर या कमी दाबामुळे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, असे तेव्हाही लोक सांगत आणि आजही सांगतात. कुवलयानंदांनी श्वासातील वायू मोजले. ती समजूत मोजमापाला उतरली नाही, आणि तसे त्यांनी छापून प्रसिद्ध केले. प्राणायामाचे मोल त्यांनी अन्यत्र शोधले. आपल्या प्रिय विद्येविषयीची एक सोयीस्कर गोष्ट खरी नाही असे आढळले, तर ती सोडून द्यावी, एवढी निष्ठा त्या योग्याच्या ठायी होती.

आता पुण्याकडे वळू. १९३७ साली एक कानडी तरुण योग शिकविण्यासाठी पुण्यास आला. ते बी. के. एस. अय्यंगार. लहानपणी ते सतत आजारी असत. त्यामुळे अशक्त शरीराचे दुःख त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९५२ साली विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची आणि त्यांची मुंबईस भेट झाली, आणि तेथून त्यांचा युरोपचा मार्ग खुला झाला. १९६६ साली त्यांचा ‘लाइट ऑन योग’ हा ग्रंथ निघाला. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची अशा साध्या वस्तूंच्या आधाराने, ज्याचे गुडघे वाकत नाहीत त्यालाही आसन साधावे, अशी पद्धत त्यांनी बसविली. २० ऑगस्ट २०१४ रोजी ते पुण्यातच निवर्तले. अवघ्या चार महिन्यांनी राष्ट्रसंघात तो ठराव झाला.

असो. आता फायद्याविषयी. योगाने कल्याण होते काय? होते, परंतु किती, ते मापून बोलावे. पाठीच्या जुनाट दुखण्याचे उदाहरण घ्या. २०१७ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने १२ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत १,०८० माणसे होती. काहीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांच्या हालचालीत तीन व सहा महिन्यांनी थोडी ते मध्यम सुधारणा दिसली. इतर व्यायामांपेक्षा योग वरचढ आहे, असे मात्र सिद्ध झाले नाही. आणि काहींची पाठ योगाने अधिक दुखली, हेही त्या अहवालात नमूद आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख मंडळाने अशा दुखण्यावर औषधाआधी करून पाहण्याच्या उपायांत योगाची गणना केली.

कोणी म्हणेल, “एवढेच का? आमच्या योगाचा एवढाच महिमा?” आम्ही उलट विचारतो, हे थोडे का आहे? ज्याला सहा महिने खाली वाकून बादली उचलता येत नव्हती, त्याला ती उचलता आली, तर त्या घरात काय आनंद होईल! खऱ्या लहान लाभाची किंमत खोट्या मोठ्या लाभाहून अधिक आहे. मधुमेहाची गोळी सोडा आणि हे आसन करा, असे सांगणारे लोक गावोगाव भेटतात. काचबिंदू असलेल्या माणसाला शीर्षासन घालावयास लावतात, आणि उलटे उभे राहिल्याने डोळ्यातील दाब वाढतो, ही गोष्ट त्यांच्या गावीही नसते. अशा उपदेशाने एखाद्याची दृष्टी गेली, तर उत्सवाच्या टाळ्या तिला परत आणणार आहेत काय?

येथे पतंजलींची आठवण होते. त्यांच्या सुमारे १९५ सूत्रांत आसनाविषयीची सूत्रे तीनच आहेत. योगाची आठ अंगे त्यांनी सांगितली. त्यांत आसन तिसरे. पहिले अंग यम, आणि यमांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्य येते. याचा अर्थ आमच्या मते अगदी सरळ आहे. जो योगाची खोटी स्तुती करतो, तो आसनापर्यंत पोहोचण्याआधी पहिल्याच पायरीवर घसरला. आणि ज्याच्या सल्ल्याने रोग्याला इजा होते, त्याने अहिंसाही गमावली. योगाचा अभिमान सांगण्याचा पहिला मार्ग म्हणजे योगाविषयी खरे बोलणे, हा होय.

दुसरा मार्ग अभ्यासाचा. पतंजलींनी अभ्यासाला तीन अटी घातल्या: तो दीर्घकाळ असावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदराने व्हावा. एक दिवसाचा उत्सव यांपैकी पहिल्या दोन अटींत कोठेच बसत नाही. म्हणून उत्सव करू नये, असे आमचे म्हणणे नाही. पंढरीची वारी वर्षातून ठरल्या वेळी होते, परंतु वारकऱ्याच्या गळ्यातील माळ बारा महिने असते. उत्सवाने वाट दाखवावी आणि उरलेल्या ३६४ दिवसांनी ती चालावी.

यासाठी खर्च काय? एक सतरंजी आणि पहाटेची वीस मिनिटे. जाणत्या शिक्षकाकडून शिकावे, आजार असेल तर डॉक्टरांना विचारावे, झेपेल तेवढे करावे आणि झालेला लाभ फुगवून सांगू नये. शाळांतून, तालमींतून, वाड्यांच्या ओसऱ्यांवरून आणि आता इमारतींच्या गच्चीवरूनही हे करता येईल. घरातील सासूबाई, सूनबाई आणि नातवंडे एकत्र बसली, तर त्याहून चांगला वर्ग कोणता?

श्रोतेहो, जगाने आपल्या विद्येला मान दिला. घरची वस्तू पाहुण्याने वाखाणली की घरच्याने ती पुसून, पारखून, वापरात ठेवावी लागते. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत आणि पुण्याच्या योगशाळेत ज्यांनी ती पारखली, त्यांचे ऋण फेडण्याचा आम्हांस हाच एक उपाय दिसतो. यंदाच्या २१ जूनला आपण अवश्य मैदानात जा. परंतु २२ जूनला पहाटे सतरंजी पुन्हा अंथराल काय, एवढा एक प्रश्न आपल्यापाशी ठेवून आम्ही आपली रजा घेतो.