तिकीट कोणाच्या नावाचे?

मंडळी, आता तुम्हाला वाचता येऊ लागले आहे. फळ्यावरचे वाचता, पुस्तकातले वाचता, दुकानाची पाटीही वाचता. पण एक छापील कागद आपल्या हातात वरचेवर येतो आणि आपण तो न वाचताच चुरगाळून टाकतो. तो कागद म्हणजे येष्टीचे तिकीट. आज आम्ही त्याच कागदाविषयी बोलणार आहोत. त्याच्याबरोबर पास आणि कार्ड यांचीही गोष्ट निघेल, आणि कोणत्या गाडीला किती पैसे पडतात हेही सांगू.

पहिल्याने गाडीची हकिकत ऐका. येष्टीची पहिली गाडी १ जून १९४८ या दिवशी पुण्याहून अहमदनगरला गेली. स्वातंत्र्य मिळून अजून वर्ष व्हायचे होते. त्या गाडीचा सांगाडा लाकडाचा होता आणि बैठकीत काथ्या भरलेला होता. त्याआधी आपल्याकडे खासगी सर्व्हिस गाड्या असत. गाडी भरेल तेव्हा सुटायची आणि मालक सांगेल ते भाडे. आज वडाप चालते ना, तसेच. येष्टी आली आणि वेळ ठरली, भाडे ठरले. एका माणसाला एक दर आणि दुसऱ्याला दुसरा, हे बंद झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि महामंडळही महाराष्ट्राचे झाले.

पुढे लाकडी सांगाडा जाऊन पत्र्याची गाडी आली. तिला लोक लाल डबा म्हणू लागले. चिडवायला म्हणायचे, पण त्याच डब्यातून आपल्या भागातली पोरे कोल्हापूरला शिकायला गेली आणि कितीक घरांतले बाप्ये मुंबईच्या गिरणीत गेले. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले. तिथे खेळाडूंना ने-आण करायला ज्या गाड्या होत्या, त्या महामंडळाने घेतल्या आणि दादर-पुणे रस्त्यावर सोडल्या. बैठक चांगली, धक्के कमी. लोकांनी त्यांना एशियाड हे नाव दिले. खेळ संपून चाळीस वर्षे होऊन गेली, तरी म्हातारी माणसे अजून निमआराम गाडीला एशियाडच म्हणतात. मग थंड हवेची शिवनेरी आली, २०१७ साली शिवशाही आली. आणि १ जून २०२२ ला विजेवर चालणारी शिवाई नावाची गाडी निघाली. ती कोणत्या रस्त्याने सोडली असेल? पुणे ते अहमदनगर! चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वीचाच रस्ता. ज्याने हे ठरवले त्याला इतिहासाची जाण होती, असे आम्ही म्हणू. अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर आहे, तेवढे लक्षात ठेवा. पाटीवर तेच वाचायला मिळेल.

गाड्या अशा सुधारत गेल्या, तसे भाड्याचे दरही वेगवेगळे झाले. साध्या गाडीचे भाडे सर्वांत कमी, निमआराम गाडीचे त्याहून जास्त, शिवशाहीचे आणखी जास्त. म्हणून गाडीच्या कपाळावरची पाटी पुरी वाचावी. नुसते गावाचे नाव वाचून चढू नये. गाडी कोणत्या जातीची आहे तेही बघावे. खिशात साध्या गाडीपुरते पैसे, आणि घाईत चढलो शिवशाहीत, मग वाहकाशी हुज्जत. त्यात वाहकाचा काही दोष नसतो.

आता भाड्याचा हिशेब. येष्टीचे भाडे किलोमीटरवर नसते, टप्प्यावर असते. एक टप्पा सहा किलोमीटरचा. समजा तुम्हाला वीस किलोमीटर जायचे आहे. तीन टप्प्यांत अठरा किलोमीटर होतात, वर दोन उरतात. त्या दोनासाठीही पुरा टप्पा धरतात. म्हणजे चार टप्प्यांचे भाडे झाले. पुढे दुसरी गाडी धरून आणखी वीस किलोमीटर गेलात, तर पुन्हा चार टप्पे. एकूण आठ. पण तेच चाळीस किलोमीटर एका थेट गाडीने गेलात, तर सातच टप्पे लागतात. पाटीवर मांडून बघा. थेट गाडी असताना उगाच मध्ये उतरून गाडी बदलली तर असा भुर्दंड बसतो. एका गाडीचे तिकीट दुसऱ्या गाडीत चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मात्र वाटेत गाडी बंद पडली तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या गाडीत बसवून देणे हे वाहकाचे काम आहे. म्हणून उतरेपर्यंत तिकीट जपायचे. कानावर खोचून ठेवले आणि वाऱ्याने उडाले, असे करू नका.

तिकिटावर काय काय असते? आगाराचे नाव, तारीख, वेळ. कोठून कोठे. पूर्ण किती, अर्धी किती. आणि शेवटी रक्कम. पूर्वी वाहकाच्या पेटीत रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे असत आणि तो चिमट्याने भोक पाडून देई. त्या भोकावरून कुठे उतरायचे ते त्यालाच कळे. आता यंत्रातून छापून येते, अक्षर बारीक असते, पण सरळ मराठीत वाचता येते. एक आजी आमच्याकडे रात्रीच्या वर्गाला येत. वर्ग सुरू होऊन तीन महिने झाले होते. त्यांनी गाडीत तिकीट हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाल्या, "बाळा, मला महागावात उतरायचंय आणि तू तर नेसरीचं फाडलंस." वाहकाने बघितले, खरेच चूक होती. त्याने पैसे परत दिले. किती रुपये वाचले हे मोठे नाही. इतकी वर्षे त्या आजींनी किती तिकिटे न वाचता फेकली असतील, ते आमच्या मनात आले.

आता सवलतीकडे येऊ, कारण खरा घोटाळा तिथेच होतो.

वयाची पंचाहत्तर वर्षे पुरी झालेल्या माणसाला २६ ऑगस्ट २०२२ पासून येष्टीचा प्रवास फुकट झाला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या माणसाला अर्धे तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सर्व बायकांना अर्धे तिकीट, मग वय कितीही असो. एक बाई आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, मी बाई पण आहे आणि सत्तरीची पण आहे. मग अर्ध्याचं अर्धं होत नाही व्हय?" नाही होत. एका माणसाला एकच सवलत. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. आपल्याकडून बेळगावला जाणाऱ्या बाईला हद्दीपर्यंत अर्धे आणि पुढचे पूर्ण भाडे पडते. आपला तालुका सीमेवरचा, सोयरीक पलीकडे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून बायकांना आपल्या गाड्यांतून फुकट प्रवास दिला, पण तो तिथे राहणाऱ्या बायकांसाठी. संकेश्वरला दिलेल्या लेकीला तो मिळतो, तिला भेटायला गेलेल्या आईला मिळत नाही. आईने वाईट वाटून घेऊ नये.

वयाची सवलत हवी तर वय दाखवावे लागते. त्यासाठी आधार कार्ड किंवा दुसरे सरकारी ओळखपत्र लागते. २०१९ साली महामंडळाने सवलतवाल्यांसाठी स्मार्ट कार्डही काढले होते. कोरोनाच्या दिवसांत त्याच्या मुदती पुढे पुढे जात राहिल्या. कुणाकडे ते जुने कार्ड पेटीत पडून असेल, तर त्याच्या भरवशावर घराबाहेर पडू नका. सध्या काय दाखवायचे, ते गडहिंग्लजच्या स्थानकात चौकशीच्या खिडकीवर विचारा. भिंतीवर कागद लावलेला असतो, तो आता तुम्ही स्वतः वाचू शकता.

या कार्डावर नाव असते, फोटो असतो. ते एका माणसाचे असते. दुसऱ्याच्या हाती दिले की ते कार्ड राहत नाही, लबाडी होते.

आपल्या बाजूच्या एका गावात दोन भाऊ आहेत. थोरला शहात्तर वर्षांचा, धाकटा अडुसष्टचा. तोंडवळा सारखा, पटका सारखा. धाकट्याला अर्धे तिकीट होतेच. पण ते अर्धेही वाचवावे म्हणून तो थोरल्याचे आधार कार्ड घेऊन कोल्हापूरला निघाला. वाटेत तपासनीस चढला. नाव विचारले, याने थोरल्याचे सांगितले. जन्मसाल विचारले, तिथे अडखळला. दंड भरावा लागला, आणि गाडीभर माणसांपुढे मान खाली गेली ती वेगळीच. पण खरी गोष्ट तिकडे घरी घडत होती. त्याच दुपारी थोरल्याच्या छातीत दुखू लागले. घरच्यांनी त्याला दवाखान्यात नेले. तिथे सरकारी योजनेतून उपचार व्हावेत म्हणून आधार कार्ड मागितले. कार्ड कुठे? कोल्हापूरच्या गाडीत! सुनेने शेजारणीकडून पैसे आणून भरले तेव्हा औषध सुरू झाले. म्हातारा वाचला. सुनेने ही हकिकत आम्हाला सांगितली, तेव्हा तिचा राग चुलत सासऱ्यावर नव्हता की सासऱ्यावर नव्हता. ती एवढेच म्हणाली, "अर्ध्या तिकिटापायी माझा सासरा गेला असता."

यावर चावडीवर एक जण म्हणाला, "भावाचं कार्ड भावानं नेलं, त्यात सरकारचं काय गेलं?" गेले की. फुकट प्रवासाचे पैसे सरकार महामंडळाला भरून देते. ते कशावरून देते? वाहकाने फाडलेल्या तिकिटांवरून. म्हणून पंचाहत्तरीच्या माणसालाही तिकीट देतात, त्यावर रक्कम शून्य असते. ते शून्याचे तिकीटही मागून घ्यावे. कितीक म्हातारे म्हणतात, फुकट आहे तर कागद कशाला? त्या कागदावरूनच तुमच्या गाडीचा हिशेब लागतो. फेरीत माणसे किती होती हे कागदावर दिसले नाही, तर ती फेरी तोट्यात दिसते. तोट्यातली फेरी बंद झाली तर बाजाराला कशाने जाल?

आणखीही एक आहे, ते बोलायला बरे वाटत नाही, पण बोलले पाहिजे. २०१६ सालापासून तिकिटाच्या पैशांत एक रुपया अपघातात सापडलेल्या प्रवाशांच्या मदतीसाठी घेऊ लागले. देव न करो, पण गाडीला काही झाले आणि खिशात दुसऱ्याच्या नावाचे कार्ड निघाले, तर घरच्यांनी कोणत्या कचेरीत काय दाखवायचे? जिवंत माणसाच्या नावाने मदत मागायची, की गेलेल्या माणसाचे नाव शाबीत करत फिरायचे?

वयाची आणखी एक अडचण आहे. जुन्या माणसांची जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. आधार काढताना अंदाजाने वय सांगितले आणि १ जानेवारी अशी तारीख पडली. काहींचे वय पाच-सात वर्षांनी कमी लागले आहे. त्या माणसाला हक्काची सवलत मिळत नाही, आणि वाहकाने कार्डावरचेच धरायचे असते. अशा माणसाने आपण शिकलो त्या शाळेत जावे. दुसरीतून शाळा सोडली असली तरी दाखल्याच्या रजिस्टरात नाव असते. ही रजिस्टरे आम्ही नोकरीत असताना कापडात बांधून कपाटात ठेवत असू. वाळवी लागली नसेल तर सत्तर वर्षांपूर्वीचे पानही मिळते. त्या दाखल्यावर काम होते का, ते आधार केंद्रावर विचारावे. जन्मतारीख वरचेवर बदलून मिळत नाही, म्हणून कागद नीट वाचून मगच द्यावा. आमचे स्वतःचे वय त्रेसष्ट आहे आणि ते बरोबर लागले आहे, त्यामुळे आम्हाला अजून दोन वर्षे पूर्ण तिकीट!

पासाचेही असेच. शाळेच्या मुलांना भाड्याचा तिसरा हिस्सा भरून पास मिळतो. खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट आहे. हा ऐकून घ्या, विसरू नका. भाड्याला पैसे नाहीत म्हणून मुलीला सातवीतून घरी बसवली, असे आता कुणी म्हणू नये. साखर कारखान्यावर किंवा दुकानात रोज जाणाऱ्याला मासिक पास परवडतो. वीस दिवसांचे भाडे भरायचे आणि तीस दिवस जायचे. तीन महिन्यांचा घेतला तर पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस. पोरांना आणि देवदर्शनाला जाणाऱ्यांना आणखी एक पास आहे, त्याचे नाव 'आवडेल तेथे प्रवास'. तो १९८८ साली सुरू झाला. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा असतो. त्या मुदतीत कितीही गाड्या बदला, प्रत्येक गाडीला नवे तिकीट लागत नाही. पण तो कोणत्या गाडीचा घेतला ते बघावे. साध्या गाडीचा पास घेऊन शिवशाहीत बसता येत नाही.

आता पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांकडे जाल तेव्हाचे सांगतो. पुण्यात ६ मार्च २०२२ पासून मेट्रो चालू झाली आहे. तिथे एक वेगळे कार्ड मिळते. त्यात आधी पैसे भरून ठेवायचे. आत जाताना यंत्राला टेकवायचे, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचे, पैसे आपोआप कापले जातात. ते पैशाचे कार्ड आहे, वयाचे नाही.  म्हणून पोराने आपले सवलतीचे नसलेले कार्ड तुम्हाला वापरायला दिले तर त्यात लबाडी नाही. पण एका कार्डावर एका वेळी एकच माणूस आत जातो. आपण पुढे जाऊन कार्ड मागच्याला देऊ नये, फाटक उघडणार नाही आणि मागे गर्दी ओरडेल. ते कार्ड हरवले तर आतले पैसे गेले असे समजावे. मळलेल्या नोटेसारखेच ते, ज्याच्या हाती त्याचे.

नावाचे कार्ड आणि पैशाचे कार्ड, ही दोन वेगळी झाली. घरी गेल्यावर आपल्या पेटीतली कार्डे काढा आणि दोन ढीग करा. गुरुवारी वर्गाला येताना प्रत्येकाने एक जुने तिकीट आणावे. टप्पे मोजून भाडे बरोबर लागले आहे का, ते आपण फळ्यावर मांडून बघू.