मीटर बदला, आकडा बदलू नका
(धार येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेत संतसाहित्य, संगीत, धार-देवासच्या पवार घराण्याचा इतिहास हे विषय नेहमीचे. मी मोटारीच्या मीटरवर बोलणार आहे, आणि त्यासाठी याहून योग्य गाव मला दिसत नाही. पीथमपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे ट्रक आणि टेम्पो तयार होतात. तिथेच नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र आहे. त्याचा 11.3 किलोमीटरचा अतिवेग मार्ग 29 जून 2021 रोजी सुरू झाला. आशियातला सर्वांत लांब असा तो मार्ग. देवासला गिअर आणि ट्रॅक्टर बनतात. गाडी घडवणारे हात इथल्या घराघरांत आहेत. मग त्याच घरातल्या गाडीचं मीटर बंद पडलं, की आपण हात बांधून का बसतो?

एक काळ असा होता की मीटर बंद पडणं ही गल्लीतल्या मेकॅनिकची अर्ध्या तासाची गोष्ट होती. अँबॅसडर किंवा मारुती 800 आठवा. गिअरबॉक्समधून एक केबल फिरत डॅशबोर्डापर्यंत यायची, तिच्या टोकाला चुंबक फिरायचं आणि त्याच्या ओढीने अ‍ॅल्युमिनियमची छोटी वाटी काट्यासकट वळायची. ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने 1902 मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि जवळजवळ शंभर वर्षं जगभरच्या गाड्या तिच्यावर चालल्या. काटा थरथरू लागला की केबल गेली हे शेंबडं पोरही सांगायचं. केबल बदलली, ग्रीस लावलं, काम झालं.

आजच्या मीटरमध्ये केबल नाही. बॉश कंपनीने 1986 साली जगापुढे मांडलेल्या कॅन नावाच्या पद्धतीत गाडीतले सगळे छोटे संगणक दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. चाकाचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान हे सगळं त्या तारांवरून मीटरकडे येतं. आत प्रत्येक काट्यामागे एक इवलीशी स्टेपर मोटर असते. ती बिघडली की काटा मध्येच अडकतो. सोल्डरिंगचा डाग सुटला की दिवे लुकलुकतात. रस्त्यावरचा खड्डा लागला की मीटर मरतं आणि डॅशबोर्डावर थाप मारली की जिवंत होतं, अशी तक्रार आली तर नव्वद टक्के मेकॅनिक डागाकडेच बोट दाखवतील, आणि बहुधा बरोबर ठरतील.

हे काम घरी करता येतं का? बरंचसं येतं, आणि यावं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची आणि काही मिनिटं थांबायचं. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, तिथे घाई नको. स्टिअरिंग जेवढं खाली येईल तेवढं आणायचं. मीटरभोवतीची प्लास्टिकची पट्टी लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, ओरखडा कायमचा राहतो. प्लास्टिकची चपटी पट्टी वापरा. मग दोन-चार स्क्रू निघतात, मीटर आपल्याकडे झुकतं, आणि मागे हात घातला की सॉकेटची कडी लागते. ती वळवली की सॉकेट आपोआप सुटतं, ओढाताण करायची नाही. आत मोटर बदलायची असेल तर काटा काढण्यापूर्वी तो शून्यावर नेमका कुठे टेकतो याचा फोटो घ्या. काटा एका रेषेने जरी इकडेतिकडे बसला, तरी वेग कायमचा चुकीचा दिसतो. या चुकीला सीमा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या वाहन-नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तर दहा टक्के अधिक चार किलोमीटर एवढंच. ताशी 80 ला 92 चालेल, 79 चालणार नाही. फोनमधल्या जीपीएसशी ताडून पाहा, लगेच कळतं.

अडचण येते ती पूर्ण मीटर बदलताना. भंगारातून तसंच दिसणारं मीटर आणलं, लावलं, आणि गाडी सुरू होऊन क्षणात बंद पडली. आपल्याकडे स्कोडा ऑक्टाव्हियाची पहिली पिढी आली, तिच्यात हा अनुभव पुष्कळांनी घेतला आहे. कारण चोराला अडवणारी इमोबिलायझरची यंत्रणा त्या गाडीत मीटरच्याच पोटात आहे. परकं मीटर म्हणजे तिच्या लेखी परका माणूस. शिवाय पेट्रोल की डिझेल, टाकी केवढी, इंधनाच्या तरंगकाचा हिशेब कसा, हेही मीटरमध्ये भरलेलं असतं. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ताशी 80 च्या वर इशारा आणि 120 च्या वर सलग इशारा सक्तीचा झाला, आणि तो आवाज पुष्कळ गाड्यांत मीटरच काढतं. भलतंच मीटर लावलंत तर हा पहारेकरीही जातो.

यावर जुन्या गाड्यांसाठी मला पटलेला मार्ग सरळ आहे. नवं मीटर त्याच पार्ट नंबरचं घ्यायचं, जुन्या मीटरच्या सर्किटच्या पाटीवरची आठ पायांची मेमरी चिप वाचायची, दोनदा वाचून दोन्ही नोंदी जुळतात का पाहायचं, मूळ प्रत जपून ठेवायची आणि तोच मजकूर नव्या मीटरमध्ये उतरवायचा. ज्याचा डाग देण्याचा हात बसला आहे त्याने चिपच उचलून लावली तरी चालते. किलोमीटरही तेच राहतात, इमोबिलायझरही ओळखतो. नव्या गाड्यांत हा मजकूर मुख्य चिपच्या आत कुलपात असतो. तिथे हौसेने हात घालू नये.

आणि कुलपांबद्दल धारमध्ये बोलायचं तर भोजराजाला वगळून चालणार नाही. समरांगणसूत्रधारात त्याने यंत्रांवर एक संपूर्ण अध्याय लिहिला, आणि त्यातच स्पष्ट केलं की यंत्रांची घडण आपण सांगत नाही ती गुप्ततेसाठी, अज्ञानामुळे नव्हे. पुढे यंत्रज्ञाला काय लागतं तेही सांगितलं: परंपरा, कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास, प्रत्यक्ष काम आणि बुद्धी. अकराव्या शतकातल्या राजाला गुप्तता शोभली असेल. पैसे मोजून घेतलेल्या गाडीच्या बाबतीत ती मला मान्य नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 च्या निर्णयात 14 मोटार कंपन्यांना दोषी धरलं. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता, आणि दंड होता 2,544 कोटींच्या वर. पुढे अपिलं झाली, पण मूळ मुद्दा मिटलेला नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनं आहेत. धार-देवासच्या गॅरेजात बसलेल्या मुलाला त्या कुलपाचा सांकेतिक क्रमांक आणि ते उघडणारं सॉफ्टवेअर रास्त किमतीत मिळालंच पाहिजे. तो पीथमपूरच्या कारखान्यात तीच गाडी जोडू शकतो, तर दुरुस्त का करू शकणार नाही?

पण हा हक्क मागताना आपले हात स्वच्छ हवेत. ज्या साधनाने मीटर दुरुस्त होतं, त्याच साधनाने ते मागेही फिरतं. दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी साठ हजारांची होऊन बाजारात उभी राहते. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत विकायला जातात. अशा गाडीचा आकडा खरा मानायला दुसरा आधार काय? खरेदीदाराचा टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला जात नाही, ब्रेकचं काम राहून जातं, आणि त्याचा हिशेब घाटात होतो. ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या 318 व्या कलमात बसणारी. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांना त्यांच्या ताब्यातल्या गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद किलोमीटरसह ठेवावी लागते. चांगला नियम आहे, पण तो विक्रेत्यापुरता.

अमेरिकेच्या कायद्यात एक साधी तरतूद आहे. मीटर बदललं आणि जुना आकडा त्यात भरता आला नाही, तर नवं शून्यावर ठेवायचं आणि डावीकडच्या दाराच्या चौकटीवर जुना आकडा व तारीख लिहिलेली चिठ्ठी डकवायची. फसवण्याच्या हेतूने ती चिठ्ठी काढणं हाही गुन्हा. आपल्या परिवहन विभागाने हे एवढं जरी उचललं, तरी प्रामाणिक दुरुस्ती आणि लबाडी वेगळी ओळखता येईल.

तोवर एक विनंती. मीटर घरी बदला, गॅरेजात बदला, पण जुनं मीटर काढण्यापूर्वी त्याच्या आकड्याचा फोटो काढा. बॅटरी मेली असेल तर शेवटच्या सर्व्हिसचं बिल शोधा. कागदावर तारीख, जुना आकडा, नवा आकडा लिहून मेकॅनिकची सही घ्या. तो कागद आरसीच्या पाकिटात ठेवा आणि गाडी विकाल त्या दिवशी घेणाऱ्याच्या हातात द्या.