सहाच्या आधी आणि अठरानंतर



ज्या मुलाची वाढ इतर मुलांप्रमाणे होत नाही, त्याच्या शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे आईबाप पहिला प्रश्न विचारतात तो हा की, याला कोणत्या शाळेत घालावे? प्रश्न रास्त आहे. परंतु बहुतेक घरी तो पाच-सहा वर्षे उशिरा विचारला जातो. पुढे तेच मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याच शाळेच्या दाखल्यावर लिहिलेले नसते.

आपल्याकडे या कामाचा आरंभ शाळेपासून झाला हे खरे. मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या प्रेरणेने १८८० नंतरच्या दशकात मूकबधिर मुलांची शाळा निघाली. या देशातील अशा शाळांच्या इतिहासात तिचा उल्लेख अगदी आरंभी होतो. १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड यांनी मुंबईतच अंधांसाठी शाळा काढली. मंदबुद्धी म्हणून ज्यांना घरातल्या मागच्या खोलीत ठेवीत, त्या मुलांसाठी जय वकील यांच्या नावाची शाळा १९४४ मध्ये सुरू झाली. हे काम थोर आहे. पण शाळा म्हटली की वय आलेच, आणि निसर्ग काही शाळेचे वय होईपर्यंत वाट पाहत नाही.

बहिरेपणाचेच उदाहरण घेऊ. ऐकू न येणारे बालक रडते, हसते, आईकडे पाहते. म्हणून कोणाला शंका येत नाही. दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा आजी सांगते, "याचा बापही उशिराच बोलला होता." नवस होतो, आमच्याकडे नोव्हेनाही होते. प्रार्थनेला माझी हरकत असण्याचे कारण नाही; मात्र ती करीत असताना कानांची तपासणी थांबवावी, असे कोणत्याही धर्मात सांगितलेले नाही. या विषयातील जाणकारांनी घालून दिलेला दंडक असा आहे : जन्मानंतर एका महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाय. भाषा ग्रहण करण्याची मेंदूची शक्ती त्या कोवळ्या वयात सर्वांत तीव्र असते. तो काळ हातचा गेला म्हणजे पुढे कितीही उत्तम शिक्षक मिळाला तरी त्याला खडकावर पेरणी करावी लागते.

इतर खुणाही आईच्या नजरेस पडण्याजोग्याच असतात. नऊ महिन्यांचे मूल आधाराविना बसत नाही, वर्षाचे झाले तरी बोटाने काही दाखवीत नाही, हाक मारली तर वळत नाही, किंवा येत असलेले दोन शब्द अकस्मात विसरते. यांतले काहीही दिसले तर वाट पाहू नये. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंतर्भूत आहे. वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे. पुढील उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. तेथे जाण्यास पैसे पडत नाहीत. लागतो तो फक्त पुनःपुन्हा जाण्याचा धीर.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर मराठी बोलणाऱ्या कुटुंबांपुढे आणखी एक अडचण येते. घरात मराठी, शेजारी कन्नड, कोंकणी, गुजराती किंवा हिंदी, आणि वाचा-उपचार करणाऱ्या बाई चौथ्याच भाषेच्या. मग कोणीतरी सल्ला देते की, मूल आधीच बोलत नाही, घरची भाषा सोडा आणि एकच भाषा बोला. हा सल्ला ऐकू नये. दोन भाषा कानी पडल्याने वाचेचा दोष उत्पन्न होत नाही, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. उलट ज्या भाषेत आई मुलाला जेवू घालते, रागावते, झोपवते, तीच काढून घेतली तर त्या बालकापाशी उरते काय?

अमेरिकेने १९७५ मध्ये अशा मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला आणि १९८६ मध्ये तो तान्ह्या मुलांपर्यंत नेला. तीन वर्षांखालील बालकासाठी जी लेखी योजना तयार करतात ती एकट्या बालकाची नसून सबंध कुटुंबाची असते, आणि शिकवणारी व्यक्ती बहुधा घरीच येते. पुढे सर्वसाधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत शाळेची जबाबदारी राहते, व सोळाव्या वर्षापासून शाळेनंतर काय, हेही त्या योजनेत लिहावे लागते. तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. वाढीव खर्चासाठी मध्यवर्ती सरकारने जेवढ्या वाट्याचे आश्वासन दिले होते, तेवढा वाटा त्याने अद्याप कधीच उचललेला नाही. तरीही कायद्याची नजर पाळण्यापासून पोचते, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आमचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मानतो, आणि चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क देतो. जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड पालकांची. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक, व त्यावरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे सांगितले. पन्नास मुलांच्या वर्गात उभे राहून शिकवणाऱ्यांना या आकड्यांचे मोल वेगळे समजावून देण्याची गरज नाही. तीव्र अपंगत्व असलेल्यांना घरी शिक्षण घेण्याची मुभा २०१२ पासून आहे. परंतु घरी शिकवणे आणि घरी बसवणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि शिक्षक घरी येतो की नाही हे विचारण्याचा अधिकार पालकांनी सोडू नये.

अठरावे वर्ष उलटले की कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते. बँकेत, कचेरीत, रुग्णालयात आईची सही चालेनाशी होते, आणि हे पुष्कळांना त्याच दिवशी कळते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये पालकत्वाचा दाखला मिळतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावयाचा असतो. मात्र प्रत्येकालाच असा पालक लागतो असे नाही. २०१६ च्या कायद्याचा कल सगळे निर्णय हिरावून घेण्याकडे नसून, ज्या बाबतीत गरज आहे तेवढ्यापुरती मदत देण्याकडे आहे. ज्या मुलाला चौदाव्या वर्षापासून पैसे मोजणे, बसचा फलक ओळखणे, दुकानात मागणे व नको असेल तर नको म्हणणे शिकवले आहे, त्याच्या बाबतीत ही गरज पुष्कळ कमी असू शकते. म्हणून समितीकडे अर्ज नेण्यापूर्वी त्या मुलाला स्वतःला काय काय ठरवता येते, याची यादी घरच्यांनी त्याच्याबरोबर बसून करावी, आणि ती अर्जासोबत न्यावी.