तोंड वाकडं झालंय? आधी कपाळ बघा!

आज एकच लक्षण घेऊया, जे कॅज्युअल्टीत तुम्हाला नक्की भेटणार आहे: वाकडं झालेलं तोंड.

आपल्याकडे लोक म्हणतात, ‘तोंडावरून वारं गेलं’. घरचे तेल चोळतात, दोन दिवस थांबतात. आता प्रश्न असा, की बिघाड मेंदूत आहे की चेहऱ्याच्या सातव्या नर्व्हमध्ये? म्हणजे स्ट्रोक की बेल्स पाल्सी? म्हणून मी ‘काय झालं?’च्या आधी ‘कुठे झालं?’ विचारतो.

पेशंटला सांगा, “काका, भुवया वर करा बरं.” कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. त्यामुळे मेंदूच्या एका बाजूला स्ट्रोक झाला तरी कपाळावर आठ्या पडतात. विरुद्ध बाजूचा गाल आणि ओठ मात्र ढिले पडतात. सातवी नर्व्हच बिघडली, तर त्याच बाजूचं कपाळ सपाट राहतं आणि डोळाही नीट मिटत नाही.

पण नुसतं कपाळ बघून मोकळे होऊ नका हं! पॉन्समधल्या स्ट्रोकमध्येही कपाळ सपाट पडू शकतं. हातपाय, बोलणं, चाल, डोळ्यांची हालचाल तपासाच. कानात फोड दिसले, तर रॅमसे हंट आठवा.

स्ट्रोकचा संशय आला की घड्याळ सुरू. नातेवाइकांना विचारा, “शेवटचे ठणठणीत कधी दिसले होते?” गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण तिथून ४.५ तासांच्या आत द्यायचं असतं. त्याआधी रक्तातली साखर बघा आणि सीटी करून रक्तस्राव नाही याची खात्री करा. मोठी रक्तवाहिनी बंद पडली, तर एका अंदाजानुसार दर मिनिटाला १९ लाख न्यूरॉन्स मरतात. दोन दिवस थांबण्याची किंमत ही आहे.

बेल्स पाल्सी असेल, तर ७२ तासांच्या आत स्टेरॉइड सुरू केल्याने फायदा होतो. उघड्या राहणाऱ्या डोळ्याला दिवसा ड्रॉप्स, रात्री मलम आणि पट्टी. नाहीतर कॉर्नियाला इजा होते. बहुतेक पेशंट बरे होतात, हे त्यांना आवर्जून सांगा. आरशात बघून ते फार घाबरलेले असतात.

आजचा होमवर्क: रूममेटची सातवी नर्व्ह तपासा. भुवया वर, डोळे घट्ट बंद, दात दाखव, गाल फुगव. एक मिनिटही लागत नाही.

भेटू पुढच्या भागात!