आतां उघडलेंच आहे तर…

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांत आणि गोदावरीच्या कांठच्या गांवांत माळवदाचीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाहीं. पावसाळ्याच्या तोंडावर छतांतून माती गळूं लागते. घरधनी निरखून पाहतो, तों एका तुळईचें टोंक वाळवीनें खाल्लेलें दिसतें. एक तुळई बदलावयाची, एवढेंच काम. परंतु तुळई काढावयाची म्हणजे तिच्यावरचीं लांकडें उचललीं पाहिजेत. लांकडें उचलावयाचीं म्हणजे त्यांच्यावरचा मातीचा थर खणला पाहिजे. आणि थर खणला म्हणजे उघडकीस येतें कीं, वाळवीनें केवळ एकाच तुळईवर समाधान मानलेलें नाहीं. चार दिवसांनीं सगळें घर आभाळाखालीं येतें, आणि घरधन्याच्या मनांत येतें कीं, ह्यापेक्षां गळती परवडली असती.

माळवदाचीं घरें आतां कमी होत चाललीं आहेत. त्यांच्या जागीं स्लॅबचीं घरें आलीं, आणि अंगणांत बैलगाडीच्या जागीं जीप, मोटार अथवा ट्रॅक्टर उभा राहिला. पण दुरुस्तीचा तो जुना स्वभाव माळवदाबरोबर गेला नाहीं. तो अंगणांत उतरला आणि बॉनेटखालीं जाऊन बसला.

केज, धारूर, अंबाजोगाई ह्या बाजूच्या रस्त्यांवर चालणारी एखादी जुनी जीप घ्या. एके दिवशीं सकाळीं चालकाच्या ध्यानांत येतें कीं, मागच्या डाव्या चाकाच्या आंतल्या अंगास ओल दिसते आणि ब्रेकचें पेडल रोजच्यापेक्षां थोडें खालीं जातें. मिस्त्री सांगतो, चाकाच्या सिलिंडरांतील रबराची वाटी गेली आहे, तासाभराचें काम आहे. तो खोटें बोलत नाहीं. ती वाटी दोन बोटांत मावेल एवढी असते, आणि तिची किंमतही तशीच. चाक निघतें, ड्रम निघतो, वाटी बदलली जाते. आतां ब्रेकच्या तेलांत शिरलेली हवा तेवढी काढावयाची. त्यासाठीं सिलिंडरच्या मागें एक लहानसा पोकळ स्क्रू असतो. तो अर्धा वळसा सैल करावयाचा, इतकेंच. परंतु हा स्क्रू गेल्या आठ-दहा पावसाळ्यांत कोणीं हलविलेला नसतो. पान्याला किंचित् जोर दिला मात्र, तो कड्‌दिशीं तुटून हातांत येतो. म्हणजे सिलिंडर नवा आला. सिलिंडर काढावयाचा तर त्याला जोडलेली लोखंडी नळी सोडविली पाहिजे. आणि नळीचा नट तर नळीलाच गंजून चिकटलेला. तो फिरतांना नळीलाही आपल्याबरोबर पिळून काढतो. म्हणजे नळी नवी आली.

सायंकाळच्या सुमारास हें एक चाक नव्या सामानानें सज्ज होतें. चालक पेडल दाबून पाहतो. पेडल घट्ट लागतें. पण पाय तसाच ठेवला तर हळूहळू खालीं बसूं लागतें. आतां मुख्य सिलिंडरांतील वाटी गळत असते, आणि ती सकाळपर्यंत गळत नव्हती! हवा काढतांना पेडल वारंवार तळापर्यंत दाबलें गेलें. सिलिंडरच्या ज्या भागांत ती वाटी वर्षानुवर्षें कधीं पोंचलीच नव्हती, तेथल्या गंजावरून ती घासली गेली आणि फाटली.

अशा वेळीं मालकाचा पहिला तर्क असा असतो कीं, मिस्त्रीनें आपल्याला फसविलें. फसविणारे मिस्त्री जगांत नाहींत असें नाहीं. परंतु ह्या जीपच्या बाबतींत त्यानें काय केलें? पाना लावला आणि पेडल दाबावयास सांगितलें. दोष कोणाचा असेल तर तो लोखंडाचा. लोखंड गंजतें तेव्हां तें नुसतें झिजत नाहीं, फुगतें. गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापतो. आट्यांच्या सांदींत तो जागा मागूं लागला कीं, नट आणि बोल्ट ह्यांना असे एकजीव करून टाकतो कीं जणूं ते एकाच ओतकामाचे. धुरांड्याच्या नळीचे बोल्ट तर रोज तापून लाल होतात व रोज निवतात. ते सहज निघाले तर मिस्त्रीलाच आश्चर्य वाटतें. जाणता कारागीर आदल्या रात्रीं त्यांवर तेल सोडून ठेवतो, सकाळीं हलक्या हातोडीनें ठोकतो, आधीं थोडा आवळतो आणि मग सोडवितो. इतकें करूनही एखादा मोडला म्हणजे त्याच्या पोटांत भोंक पाडून, उरलेला तुकडा काढून, नव्यानें आटे पाडावे लागतात. आणि भोंक जरासें तिरकें गेलें तर सबंध भाग उतरवून लेथवर न्यावा लागतो. दहा रुपयांच्या बोल्टापायीं दोन दिवस जातात ते असे.

ह्याहून सूक्ष्म असें दुसरें एक कारण आहे, आणि तें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. गाडीचे सगळे भाग बरोबरच म्हातारे झालेले असतात, आणि म्हातारपणीं त्यांनीं एकमेकांशीं जुळवून घेतलेलें असतें. पाण्याच्या टांकीचें झांकण जुनें झालें, त्याची स्प्रिंग ढिली पडली, म्हणून पाण्याची वाफ थोडी थोडी निसटून जाते. इंजिन तापतें खरें, परंतु टांकीला जोडलेल्या जुनाट रबरी नळीवर ताणही पडत नाहीं. मालक शहाणपणानें नवें झांकण आणतो. दाब पूर्ववत् होतो. आणि आठव्या दिवशीं ती नळी फुटते. नळी बदलली कीं टांकीच्या पातळ झालेल्या पन्हळींतून पाणी पाझरूं लागतें. इंजिनाचेंही तेंच. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, गाडीची ओढ कमी झाली, म्हणून मालक खर्च सोसून इंजिनाचें काम काढतो. गाडी नवी ताकद घेऊन बाहेर पडते आणि पहिल्याच चढावर क्लच घसरूं लागतो. क्लच इतके दिवस चालला, कारण त्याला ओढावयाचें इंजिनच दुबळें होतें. दुरुस्तीनें दुखणें बरें होतें हें खरें, पण सांखळीवरचा जोर पुढच्या कच्च्या कडीवर जाऊन पडतो.

सामान मिळेनासें झालें म्हणजे तर लहान कामाला कांहीं मर्यादाच उरत नाहीं. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद ह्यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून 1947 पासून मोटारी बाहेर पडूं लागल्या. तिची पद्मिनी मोटार मुंबईच्या टॅक्सीचें रूप होऊन बसली होती. ती निघावयाची थांबल्यावरही टॅक्सीवाल्यांनीं ती वर्षानुवर्षें चालविली. शेवटच्या टॅक्सीची मुदत 2023 च्या ऑक्टोबरांत संपली. ह्या पाठीमागच्या काळांत एखादी कडी अथवा कांच हवी झाली कीं, ती भंगारबाजारांत धुंडाळावयाची, दुसऱ्या मेलेल्या गाडीची काढून आणावयाची, आणि न बसली तर कानस घेऊन बसवावयाची. हौशी लोक आजही हें आनंदानें करतात. पोटासाठीं गाडी चालविणाऱ्याला तो आनंद परवडत नाहीं.

आणि तिसरें कारण स्वतः मालक. क्लचची तबकडी बदलावयास गियरपेटी उतरविली कीं त्याच्या तोंडून एक वाक्य निघतें: ‘आतां उघडलेंच आहे तर…’ ह्या वाक्यांत अर्धें शहाणपण आहे, हें कबूल केलें पाहिजे. गियरपेटी खालीं आहे तोंवर क्लचचें बेअरिंग बदलून घ्यावें. कारण तें उद्यां वाजूं लागलें तर मजुरी पुन्हां तेवढीच पडेल. मागच्या सीलमधून तेल येत असेल तर तेंही पाहावें. पण सील पाहावयास फ्लायव्हील उतरविलें, क्रँकवर ओरखडा दिसला, म्हणजे इंजिन बाहेर. क्रँक घासावयास लेथवर. घासला म्हणजे तितक्याच जाड्या बेअरिंगा हव्यात. आणि इंजिन इतकें उघडलें असतां जुन्या रिंगा कोण ठेवतो? येथवर तरी कारणपरंपरा असते. पुढें मात्र ती सुटते. इंजिन नवें झालें म्हणून रंग द्यावा, रंग दिला म्हणून गाद्या शिवाव्या, असें करतां करतां क्लचसाठीं आलेली जीप लग्नांतल्या घोड्यासारखी सजून निघते, आणि मालकाच्या डोक्यावर सावकार बसलेला असतो.

मोठ्या संस्थांनीं ह्या व्याधीवर उपाय शोधला. हैदराबाद संस्थानांत, ज्यांत त्या वेळीं बीड जिल्हा होता, निजामाच्या रेल्वेखात्यानें 1932 सालीं 27 गाड्यांनिशीं मोटारसेवा सुरू केली. शेजारच्या मुंबई राज्यांत 1 जून 1948 रोजीं पुणें–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली. शेंकडों गाड्या वेळापत्रकावर चालवावयाच्या तर एकेका गाडीचें पोट उघडून बसतां येत नाहीं. म्हणून अशा संस्थांची रीत ही कीं, ठराविक अंतर झालें म्हणजे बिघाडाची वाट न पाहतां गाडी तपासावयाची. आणि इंजिन बिघडलें तर तें सबंध उतरवून, कार्यशाळेंत तयार करून ठेवलेलें दुसरें बसवावयाचें. गाडी रस्त्यावर जाते, आणि उतरविलेलें इंजिन सावकाश उघडलें जातें. तेथें एकांतून दहा कामें निघालीं तरी उतारू खोळंबत नाहींत. एकच ट्रॅक्टर असलेल्या माणसापाशीं मात्र दुसरें इंजिन नसतें.

बीड जिल्ह्यांत ह्या गोष्टीला जी धार आहे ती येथें आहे. दसऱ्याच्या मागें-पुढें पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी ह्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात. कोयता म्हणजे येथें नुसतें हत्यार नव्हे. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता. त्या जोडीनें उचल महिन्यांपूर्वींच घेतलेली असते, आणि ती बहुधा खर्चूनही गेलेली असते. तोडलेला ऊस तसाच पडूं दिला तर वाळतो, त्यांतली साखर घटते. म्हणून तोड आणि वाहतूक ह्यांची गांठ रोजच्या रोज पडावी लागते. ट्रॅक्टर फडांत बंद पडला कीं दहा-पंधरा कोयत्यांचे हात बसतात. मजुरी टनावर असते. बसलेल्या हाताला ती मिळत नाहीं, उचल मात्र फिटावयाची राहते.

समजा, दसरा आठ दिवसांवर आला आहे आणि पाटोद्याकडच्या एका मालकाला आपल्या ट्रॅक्टरच्या पोटाखालीं, इंजिन व गियरपेटी जेथें जुळतात तेथें, तेलाचा डाग दिसला. जीपला निदान खालीं सांगाडा असतो. ट्रॅक्टरला तोही नसतो. इंजिन, क्लचची पेटी, गियरपेटी आणि मागचा आंस हीं एकापुढें एक बोल्टांनीं जोडलेलीं असतात, आणि तोच त्याचा कणा. क्लचपाशीं पोंचावयाचें म्हणजे ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत तोडावा लागतो. एकदां तोडला कीं वर सांगितलेलें सगळें रामायण समोर उभें राहतें, आणि लेथवाल्याकडे तर त्या आठवड्यांत रांग लागलेली असते.

मालक म्हणतो, ‘उस्ताद, आतां उघडूनच टाका. हंगामांत डोक्याला ताप नको.’

उस्ताद जुना असेल तर पान्याला हात लावीत नाहीं. तो आधीं तेलाचा थेंब बोटावर घेतो. काळा असेल तर तेल इंजिनाचें, पिवळसर असेल तर गियरपेटीचें. मग ट्रॅक्टर वरच्या गियरमध्यें घालावयास सांगतो, ब्रेक दाबून धरावयास सांगतो आणि क्लच सोडावयास सांगतो. इंजिन गुरगुरत चालूच राहिलें तर तेल तबकडीवर गेलें आहे, क्लच घसरतो आहे, आणि दोन ट्रॉल्या ओढणें त्याच्यानें होणार नाहीं. मग दसरा असो वा दिवाळी, ट्रॅक्टर तोडलाच पाहिजे. इंजिन धक्का देऊन तेथल्या तेथें बंद पडलें तर क्लच शाबूत आहे.

समजा, तें बंद पडलें. डाग काळा आहे. उस्ताद म्हणतो, ‘दादा, हें चैत्रापर्यंत झांकूनच ठेवा. रोज सकाळीं पट्टी काढून तेल पाहा, कमी असेल तेवढें घाला.’ आणि मग तो न विचारतां मागच्या चाकांकडे वळतो. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का, पेडलें एकत्र बांधणारी कडी शाबूत आहे का, हें पाहतो. डाव्या बाजूचा ब्रेक उशिरा लागत असतो. तो उघडतांना एक बोल्ट मोडतो; आंतल्या तबकड्या काळ्या पडलेल्या निघतात; डाव्या बदलल्या तर उजव्याही बदलाव्या लागतात. मालक कुरकुर करतो: मघां मी म्हणालों तें उघडलें नाहींत, आणि हें मात्र उघडून बसलांत! उस्ताद मान वर न करतां विचारतो, ‘धारूरच्या घाटानेंच जाणार ना?’ तो घाट अरुंद, वळणांचा आणि अपघातांसाठीं प्रसिद्ध. भरल्या ट्रॉल्या मागून ढकलूं लागल्या म्हणजे तेलाचा डाग आठवत नाहीं. ब्रेकचें काम अडीच दिवस चालतें. त्यांतून निघालेलें एकही काम तो उद्यांवर टाकीत नाहीं. जुन्या तबकड्या पोत्यांत घालून मालकाच्या पुढें ठेवतो, आणि हिशेबाच्या वहींत खालच्या कोपऱ्यांत लिहून ठेवतो: मागचें सील, चैत्र.

ट्रॅक्टर दसऱ्याला निघतो. टोळी ट्रॉलींत बसते. भांडींकुंडीं, शेळ्या, लेंकरें सगळीं त्यांतच. फडांत रोज रात्रीं ट्रॅक्टर उभा केला कीं त्याच्या पोटाखालीं एक पत्र्याचा डबा ठेवला जातो, आणि सकाळीं मालक त्यांत डोकावून पाहतो.

हंगाम उलटल्यावर, गुढीपाडव्याच्या सुमारास, तो ट्रॅक्टर पुन्हां त्याच दारांत येऊन उभा राहतो. आतां पावसाळ्यापर्यंत कोणाला घाई नसते. उस्ताद खालीं दोन ठोकळे लावतो, कण्याचे बोल्ट एकेक सोडवूं लागतो. मालक बाजूच्या बाकावर बसून चहा मागवितो आणि बजावतो, ‘तेवढें सीलच बदला बरें का.’