समोरचं टोक

विद्यार्थी मित्रांनो, एल्लरिगू नमस्कार! कन्नड बोलणाऱ्या दुधनीत येऊन नुसतं मराठीत बोलून खाली बसलो, तर मागच्या रांगेतल्या आज्या मला जेवू घालायच्या नाहीत.

आत्ता बक्षिसं वाटताना क्रिकेटच्या कपाला सगळ्यांत जास्त शिट्ट्या पडल्या, म्हणून क्रिकेटचीच गोष्ट सांगतो. ‘विजय हजारे ट्रॉफी’ हे नाव तुम्ही ऐकलंय. पण हे हजारे कोण? १९१५ साली सांगलीत जन्मलेला एका शिक्षकाचा मुलगा. क्रिकेटच्या जोरावर त्यांनी बडोदा संस्थानात नोकरी मिळवली. बॅट चालली तर चूल पेटणार, असा तो काळ.

पण ऐन उमेदीत दुसरं महायुद्ध पेटलं. १९३६ नंतर भारत कसोटी खेळला तो थेट १९४६ मध्ये. हजारे पहिल्या कसोटीसाठी लॉर्ड्सवर उतरले तेव्हा एकतिशीत होते. एकवीस ते एकतीस, खेळाडूची सोन्यासारखी वर्षं! ती कुणी परत देत नाही. कोरोनात तुमचंही मैदान बंद होतं, तेव्हा ही हळहळ तुम्हाला वेगळी सांगायला नको. मग हजारेंनी काय केलं? देशात जो सामना मिळाला, तो जीव ओतून खेळले.

डिसेंबर १९४३. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी स्पर्धेची अंतिम लढत. तेव्हा संघ धर्मावरून पाडत. हजारे ख्रिस्ती, म्हणून ‘रेस्ट’ संघात, म्हणजे ‘बाकीचे’! समोर हिंदू संघानं ५ बाद ५८१ धावांचा डोंगर रचलेला. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. बाकीच्यांचा डाव १३३ धावांत गडगडला. फॉलोऑन मिळाला. पुन्हा पडझड सुरू झाली, आणि हजारेंच्या जोडीला त्यांचा सख्खा भाऊ विवेक आला. दोघांनी ३०० धावांची भागी केली. त्यात विवेकच्या धावा किती असतील? फक्त २१!

संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारेंच्या. तरीही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेलाच. पुढे १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत दोन शतकं ठोकली, ११६ आणि १४५. १९५२ मध्ये मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली, तेव्हा कर्णधार तेच होते.

पण मला राहून राहून आठवतात त्या विवेकच्या २१ धावा. चेंडू अडवायचा, एक धाव काढून दादाला स्ट्राइक द्यायची, आणि तासन्‌तास आपली विकेट जपायची. त्याचा कप नसतो, फोटो नसतो. पण समोरचं टोक कुणी धरलंच नाही, तर तीनशे होणार कशा?

मघाशी नाच सुरू असताना गाणं मध्येच अडकलं. तेव्हा विंगेतला एक मुलगा वाकून वायर हातानं दाबून बसला, नाच संपेपर्यंत. त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. माझी एकच विनंती आहे: माझ्यासाठी टाळ्या नकोत. त्या पोराला पुढे बोलवा आणि त्याच्यासाठी वाजवा.