पीक हाती येण्यापूर्वी
(हीरक महोत्सवी सोहळ्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



श्रावण अमावास्येला पोळा येतो, तेव्हा पीक अजून शेतातच उभे असते. पुढल्या पावसाचा भरवसा नसतो, बाजारभाव ठाऊक नसतो. तरीही शेतकरी आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतो, पोळ्याला त्यांच्या मानेवर जू ठेवत नाही आणि त्यांना पुरणपोळी भरवतो. फळ हाती येण्यापूर्वीच तो सोबत राबणाऱ्याचे ऋण मानतो.

आपण मात्र निकाल, नोकरी, यश पदरात पडेपर्यंत समाधान लांबणीवर टाकतो. शाळेत येणारे माजी विद्यार्थी हळहळतात, ‘पूर्वी वर्ग किती भरलेले असत!’ महाराष्ट्राबाहेरील या मराठी शाळेचा पट रोडावला आहे, हे खरेच. त्याची चिंता वाहिलीच पाहिजे. परंतु रिकाम्या बाकांकडे पाहताना समोर बसून मराठीत वाचणारे, शंका विचारणारे मूल नजरेआड होऊ नये.

म्हणून आज संस्थापकांच्या बरोबरीने या मुलांचे, त्यांना विश्वासाने येथे पाठवणाऱ्या पालकांचे आणि रोज सकाळी वर्ग झाडून ठेवणाऱ्या सेवकांचेही ऋण मानू या. उद्याचे पीक कसे येईल, ते उद्या कळेल. आजचा वर्ग भरला आहे, आणि त्याचा आनंद आजचाच आहे.